पाठ : उन्हाळ्याची चाहूल, कोकणात आणि न्यू लिनमध्ये

न्यू लिनमध्ये उन्हाळा डिसेंबरात लागतो. कोकणात तो चैत्राच्या सुमारास, मार्च-एप्रिलमध्ये लागतो. म्हणून पेसाह तिकडे उन्हाच्या दिवसांत येतो आणि इकडे पानगळीत.

आपली बेने इस्राएल घराणी जुन्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातली. नागावकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर ही आडनावे तिथल्या गावांवरूनच आली. तेलाचा घाणा हा आपल्या लोकांचा मुख्य धंदा. शब्बाथला घाणा बंद असे, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. काही कुटुंबे शेतीही करत.

या भागात भाताची कापणी झाली की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. उन्हाळा लागेपर्यंत वाल तयार होतो. तो वाळवून वर्षभर ठेवतात. तिशा बे-आवला आपले वाडवडील 'बिरड्याचा सण' म्हणत, कारण त्या दिवसाशी वालाचे बिरडे खाण्याची रीत जोडलेली होती. याच दिवसांत अलिबागकडे पांढरा कांदा काढून, पातीची वेणी घालून त्याच्या माळा करतात. पावसाआधी भाताच्या रोपांच्या जागेवर राब भाजतात.

रानात पळस आणि पांगारा पाने गाळून लाल फुलांनी भरतात. पांगाऱ्यावर शिंजीर मध प्यायला येतो. भर दुपारी तांबटाची टुकटुक ऐकू येते. जाळीत करवंदे काळी होऊ लागतात.

आता आपल्या घराबाहेर पाहा. डिसेंबरात पोहुतुकावा लालभडक फुलतो आणि तुई त्याचा मध पितो. शिंजिराचेच काम! कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते. इथली छोटी चकाकती कोकिळा वसंतात समुद्रापलीकडच्या उष्ण बेटांवरून येते आणि रिरोरिरो नावाच्या इवल्या करड्या पक्ष्याच्या घरट्यात अंडे घालते. रिरोरिरो गाऊ लागला की लागवडीची वेळ झाली, असे माओरी लोक मानत. कोकणातला शेतकरी पावशाच्या हाकेत 'पेरते व्हा' ऐकतो.

मुलांनो, तुई आणि रिरोरिरो तुम्हाला शाळेत भेटतील. तांबट, राब, बिरडे हे शब्द मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांकडूनच मिळतील. ते आजच विचारून घ्या. ज्येष्ठांनो, मुलांनी विचारण्याची वाट पाहू नका.

शब्दार्थ
बिरडे : मोड आणून सोललेल्या वालाची उसळ
राब : पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजणे
शिंजीर : फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी
पावशा : पावसाच्या तोंडावर ओरडणारा पक्षी

स्वाध्याय
१. तुमचे आडनाव कोणत्या गावावरून आले? ते नकाशावर शोधा.
२. आजी-आजोबांना विचारा : उन्हाळ्यात घरी काय वाळत घालत? पाच वस्तूंची नावे मराठीत लिहा.
३. या आठवड्यात अंगणात दिसलेल्या एका पक्ष्याचे चार वाक्यांत वर्णन करा.