गिटारची भुणभुण: आधी दोष शोधा, मग खर्च करा

इलेक्ट्रिक गिटार ॲम्पला जोडली की सुराआधी भुणभुण ऐकू येते, ही तक्रार नवशिक्यांची असते तशी मंचावर वाजवणाऱ्यांचीही असते. त्यावरचा सल्लाही ठरलेला: पिकअप बदल, नाहीतर नॉइज गेट घे. दोन्ही उपायांना हजारो रुपये लागतात, आणि पुष्कळदा ते करूनही मूळ दोष जागच्या जागी राहतो. सैल झालेला जॅक, सुटलेली एक वायर किंवा घरातल्या सॉकेटला नसलेलं अर्थिंग, अशी साधी कारणं आधी तपासायला हवीत. ती तपासायला फारसे पैसे लागत नाहीत, आणि दुरुस्तीही बहुतेक वेळा काही शेकड्यांत होते.

इथे उदाहरणासाठी तीन सिंगल-कॉइल पिकअपची, स्ट्रॅटोकास्टर धाटणीची गिटार घेतली आहे. पहिली इलेक्ट्रिक गिटार म्हणून बरेच जण हीच घेतात आणि भुणभुणीची तक्रारही हिचीच जास्त असते. खर्चाचे आकडे घरगुती वादकाने बजेट म्हणून धरायचे अंदाज आहेत. ब्रँड, शहर आणि कारागीर यांप्रमाणे ते कमी-जास्त होतील.

आवाज नेमका कसला?

एकसारखा, खोल, घुमणारा आवाज असेल तर तो बहुधा घरातल्या विजेचा. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. ट्रान्सफॉर्मर, चोक आणि वायरिंगभोवतीचं चुंबकीय क्षेत्र पिकअपची कॉइल पकडते आणि ॲम्प ते मोठं करून ऐकवतो. आवाज तीक्ष्ण, चिरचिरणारा असेल तर फॅनचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, दिव्याचा डिमर, स्वस्त एलईडी किंवा लॅपटॉपचा चार्जर यांच्याकडे पाहा. नॉब फिरवतानाच खरखर येत असेल तर दोष नॉबखालच्या पॉटमध्ये (पोटेन्शिओमीटर). केबल हलवली की कटकट होऊन आवाज जात-येत असेल तर केबल किंवा जॅक.

फुकटच्या चाचण्या

१. ॲम्पच्या बाजूने केबल काढा. तरीही आवाज तसाच राहिला तर गिटार निर्दोष आहे, दोष ॲम्पचा किंवा विजेचा. गिटारच्या बाजूने केबल काढून मात्र निष्कर्ष काढू नका. मोकळं टोक असलेली केबल भुणभुणतेच.

२. गिटार जोडून व्हॉल्यूम शून्यावर न्या. आवाज थांबला तर तो पिकअप किंवा गिटारच्या आतल्या वायरिंगमधून येत होता. नाही थांबला तर जॅक, केबल, पेडल आणि ॲम्प एकेक करून तपासा.

३. गिटार हातात धरून जागच्या जागी सावकाश गोल फिरा. एखाद्या कोनात भुणभुण जवळजवळ नाहीशी झाली, तर ती खोलीतल्या चुंबकीय क्षेत्राची आहे. ॲम्प आणि चार्जरपासून चार-सहा फूट लांब बसूनही फरक पडतो.

४. पाच टप्प्यांचा स्विच दुसऱ्या आणि चौथ्या जागी ठेवून ऐका. हल्लीच्या बहुतेक अशा गिटारमध्ये मधला पिकअप उलटा गुंडाळलेला आणि उलट्या ध्रुवाचा असतो. त्यामुळे या दोन जागी भुणभुण परस्पर रद्द होते. तिथे शांत आणि बाकी तीन जागी भुणभुण, असं असेल तर वायरिंग बिघडलेलं नाही. तो सिंगल-कॉइलचा स्वभाव आहे.

५. तारांना हात लावा. आवाज कमी झाला तर तारांची अर्थ वायर जागेवर आहे. आपलं शरीर हवेतला विद्युत गोंगाट पकडून पिकअपपर्यंत नेतं, तारा धरल्या की तो अर्थला जातो. म्हणजे गिटारला शिल्डिंग कमी आहे, एवढंच. फरकच पडला नाही तर ती वायर सुटलेली असू शकते. हात लावल्यावर आवाज उलट वाढला तर जॅकच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या असतील, किंवा घराच्या अर्थिंगमध्ये गडबड असेल.

६. लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करत असाल तर चार्जर काढून बॅटरीवर ऐका. आवाज गेला तर दोष सापडला. ॲम्प, लॅपटॉप आणि पेडल एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावल्यानेही पुष्कळदा काम होतं.

अर्थिंगशी खेळ नको

भुणभुण जावी म्हणून काही जण ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकतात किंवा दोन-पिनी ॲडॉप्टर लावतात. हे कधीही करू नका. ती पिन जीव वाचवण्यासाठी आहे. मे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी मंचावरच्या अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून दगावला. तारा आणि माइक यांना एकदम हात लावल्यावर नुसती मुंगी चावल्यासारखं वाटलं, तरी वाजवणं थांबवा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट तपासून घ्या. जुन्या इमारतींत तीन छिद्रांच्या सॉकेटला मागे अर्थची वायरच जोडलेली नसते, असंही आढळतं. तपासणीला काही शेकडे लागतील. घरात गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर तोही बसवून घ्या. गिटारसाठी केलेला खर्च सगळ्या घराच्या उपयोगी पडेल.

व्हॉल्व्ह ॲम्प स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्टचा चार्ज शिल्लक राहू शकतो.

गिटार उघडल्यावर काय पाहायचं

केबल काढा, तारा सैल करा आणि पिकगार्ड उचला. पहिली नजर जॅककडे. प्लगच्या टोकाला पकडणारी पत्र्याची जीभ बाहेर वाकली असेल तर ती हलकेच आत दाबा. नट सैल असेल तर घट्ट करा, पण जॅक मागून धरूनच. नाहीतर तो जागच्या जागी फिरतो आणि आतल्या वायरी पिळून तुटतात.

मग पॉटच्या पाठीकडे पाहा. सगळ्या अर्थ वायरी तिथे एकत्र येतात. चांगला सोल्डर चकचकीत आणि पसरलेला दिसतो. कच्चा सोल्डर राखाडी, रवाळ, गोळा होऊन वर बसलेला असतो आणि वायर हलवली की सांध्यात हलते. असा सांधा पुन्हा तापवून थोडा नवा सोल्डर दिला की काम होतं. पॉटची पाठ उष्णता ओढून घेते, म्हणून २५ ऐवजी ४० वॅटचा, चपट्या टोकाचा सोल्डरिंग आयर्न बरा.

तिसरी जागा गिटारच्या पाठीमागची. ट्रेमोलो असलेल्या गिटारमध्ये स्प्रिंगा अडकवायच्या धातूच्या पट्टीला तारांची अर्थ वायर सोल्डर केलेली असते, आणि ती निखळते. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा, एक टोक जॅकच्या बाहेरच्या कड्याला आणि दुसरं तारेला लावा. बीप आला तर वायर शाबूत आहे.

पिकअपही असाच तपासता येतो. गिटारला केबल लावून व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडा, मीटर २० किलोओमवर ठेवा आणि केबलच्या मोकळ्या टोकावर मोजा. सिंगल-कॉइल साधारण ५ ते ८ किलोओम दाखवतो. आकडा त्याहून फारच मोठा आला तर कॉइल तुटली असावी. शून्याजवळ आला तर कुठेतरी शॉर्ट आहे.

शिल्डिंगकडून काय अपेक्षा ठेवावी

पोकळीला आणि पिकगार्डच्या मागे तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडली की चिरचिर लक्षणीय कमी होते. पट्टीचा गोंदही वीजवाहक असावा. तुकडे एकमेकांवर चढवून लावा आणि मीटरने तपासा. कुठल्याही दोन तुकड्यांत एक ओमच्या आत रोध यावा, नाहीतर जोडावर सोल्डरचा ठिपका द्या. जॅकचं सिग्नलचं टोक पट्टीला टेकलं तर गिटार मुकी होते, म्हणून तिथे इन्सुलेशन टेप लावा.

खोल घुमणारी भुणभुण मात्र शिल्डिंगने जात नाही. तांब्याचा पातळ पत्रा ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र अडवू शकत नाही. तिच्यावर खरा उपाय दोन कॉइलचा. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली हम्बकरच्या पेटंटसाठी अर्ज केला तो याच त्रासापायी. एकमेकांविरुद्ध दोन कॉइल आणि उलटे ध्रुव, त्यामुळे भुणभुण रद्द होते आणि तारेचा सूर दुप्पट जोमाने येतो.

खर्च किती धरावा

• कॉन्टॅक्ट क्लीनर (खरखरणाऱ्या पॉटसाठी): ₹३०० ते ₹६००
• साधा डिजिटल मल्टिमीटर: ₹३०० ते ₹८००
• सोल्डरिंग आयर्न, सोल्डर, फ्लक्स: ₹४०० ते ₹१,०००
• नवा जॅक: ₹१०० ते ₹५००
• २५० किलोओमचा पॉट: प्रत्येकी ₹१५० ते ₹८००
• चांगली केबल: ₹६०० ते ₹२,५००
• तांब्याची वीजवाहक पट्टी: ₹३०० ते ₹८००
• जॅक किंवा एखादी वायर दुरुस्त करण्याची मजुरी: ₹३०० ते ₹८००
• पूर्ण शिल्डिंग, मजुरीसह: ₹१,५०० ते ₹३,५००
• नॉइज गेट पेडल: ₹३,००० ते ₹१२,०००
• भुणभुण न करणाऱ्या ब्रँडेड पिकअपचा संच: ₹१२,००० ते ₹२५,०००

मल्टिमीटर, सोल्डरिंगचं सामान आणि सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात. खरखरणाऱ्या पॉटवर घरातला गंजविरोधी स्प्रे मारू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरच वापरा आणि नॉब वीस-तीस वेळा फिरवा.

कारागिराकडे देताना

वरच्या चाचण्यांचे निष्कर्ष कागदावर लिहून न्या: स्विचच्या कुठल्या जागी, हात लावल्यावर, व्हॉल्यूम शून्यावर काय होतं. त्यामुळे कारागिराचा वेळ आणि तुमची मजुरी, दोन्ही वाचतात. कामाआधी मजुरी आणि सुट्या भागांची किंमत वेगवेगळी विचारा, बदललेले भाग परत मागा आणि काम झाल्यावर त्याच्याच ॲम्पवर पाचही जागी ऐकून मगच पैसे द्या. तपासणी न करता थेट पिकअप बदला म्हणणाऱ्याकडे गिटार सोडू नका.

मोठा खर्च केव्हा?

नॉइज गेट फक्त वाजवणं थांबल्यावरची शांतता देतो, सुरांच्या आतली भुणभुण तशीच राहते. तो मंचावर जास्त डिस्टॉर्शन वापरणाऱ्याने घ्यावा. नवे पिकअप तेव्हाच घ्या, जेव्हा अर्थिंग ठीक आहे, वायरिंग पक्कं आहे, शिल्डिंग झालं आहे आणि तरीही रेकॉर्डिंगमध्ये भुणभुण खुपते आहे. घरी सराव करणाऱ्याला तिथपर्यंत जाण्याची गरज सहसा पडत नाही. त्याने आधी फुकटच्या चाचण्या, मग सॉकेट, मग जॅक आणि सोल्डर, शेवटी शिल्डिंग, याच क्रमाने जावं. स्वतः हात घातला तर हे सगळं साधारण दोन-तीन हजारांत बसतं, आणि त्यातली अवजारं पुढची अनेक वर्षं कामी येतात.