शेतघराच्या पडवीसाठी कामाचे भक्कम मेज

इगतपुरी तालुक्यातील भातशेतीला थांबून चालत नाही. चिखलणी झाली, रोपे उपटून तयार झाली, आणि नेमके त्याच दिवशी कुळवाचे जानवळे सैल पडले किंवा पॉवर टिलरचा बोल्ट झिजला, तर दोन दिवसांची खोटी होते. आणि आवणीच्या दिवसांतील दोन दिवस म्हणजे काय, हे घोटीच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. पूर्वी गावचा सुतार आणि गावचा लोहार हे बलुतेदार होते. खळ्यावर त्यांचा धान्याचा वाटा ठरलेला असे आणि त्या मोबदल्यात अवजारांची दुरुस्ती वेळच्या वेळी होई. ती व्यवस्था आता राहिलेली नाही. सुतार पुष्कळ ठिकाणी घोटीच्या बाजारपेठेत किंवा नाशिकला कामास गेला आहे. लहानसहान दुरुस्ती शेतकऱ्यास स्वतःच करावी लागते, आणि ती तो करतोही. परंतु कशावर ठेवून करतो, हे पाहिले म्हणजे काळजी वाटते.

आपल्याकडे सुतारकाम बसून करण्याची रीत आहे. लाकूड पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरावयाचे आणि वाकसाने तासावयाचे. जन्मभर हेच काम करणाऱ्या सुताराचा हात चुकत नाही. वर्षातून चार वेळा वाकस हाती घेणाऱ्याचा चुकतो. प्रस्तुत लेखकाने आषाढात पायास पट्टी बांधून बांधावर बसलेली माणसे एकापेक्षा अधिक वेळा पाहिली आहेत. उघडी जखम घेऊन चिखलात उतरता येत नाही. उतरल्यास ती चिघळते आणि धनुर्वाताचे भय असते. घरची आवणी दुसऱ्यांच्या हातांवर सोडून बसण्याची पाळी येते ती एका ढिल्या खुंटीपायी. काम कमरेच्या उंचीवर, घट्ट धरलेल्या वस्तूवर आणि उभे राहून केल्यास हा धोका बराचसा टळतो. त्यासाठी पडवीत किंवा अवजारांच्या खोलीत एक जड, न हलणारे मेज असावे. ते कसे करावे, हे या लेखात सांगावयाचे आहे.

लाकूड कोणते व केव्हा

साग उत्तम, यात शंका नाही. तो कमी फुगतो आणि वाळवी त्याच्या गाभ्याच्या वाटेस सहसा जात नाही. परंतु अशा मेजास साग लागतोच असे नाही. बाभूळ जड, चिवट आणि मार सोसणारी आहे. पूर्वापार नांगर, गाड्या आणि चाके तिचीच होत आली. पायांस व आडपट्ट्यांस बाभूळ वापरावी. वरच्या फळ्यांस बाभूळ, साग किंवा जुन्या घराच्या उतरविलेल्या तुळया यांपैकी जे मिळेल ते चालेल. जुन्या तुळईचे लाकूड तर अनेक वर्षे वाळलेले असते. फक्त त्यातील खिळे शोधून काढावेत, नाहीतर रंध्याचे पाते जाते. आंब्याचे लाकूड स्वस्त मिळते, पण त्याला घुण लवकर लागते आणि दमट हवेत ते टिकत नाही. पेटीखोक्यांच्या फळ्यांचे मेज तर करूच नये.

झाड स्वतःच्या शेतातील असले, तरी तोडण्यापूर्वी परवानगीची चौकशी करावी. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ साली झाला. साग, आंबा, जांभूळ, खैर अशी त्याच्या अनुसूचीतील झाडे पूर्वपरवानगीवाचून तोडता येत नाहीत. इतर झाडांबाबतही तलाठी आणि वनरक्षक यांस आधी विचारणे बरे. ग्रामसेवकांनी ही गोष्ट शेतकऱ्यांच्या कानी घालावी.

तोड दिवाळीनंतर करावी. ओंडक्याच्या दोन्ही तोंडांस लगेच शेणमातीचा जाड लेप द्यावा. तोंडातून पाणी झपाट्याने निघून गेल्यास लाकूड उकलते. बाभळीचा ओंडका काही महिने तळ्याच्या पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत आहे, आणि ती खुळी नव्हे: ज्या सत्त्वावर घुण जगते, ते पाण्यात बरेचसे निघून जाते. फळ्या कापून आणल्यावर सावलीत, जमिनीपासून हातभर उंच, मध्ये बोटभर जाडीच्या पट्ट्या घालून रचाव्यात. दोन इंची फळीस निदान वैशाखापर्यंत वेळ द्यावा. पायांच्या जाड लाकडास त्याहून अधिक लागतो. वाळले की नाही, हे हाताने कळत नाही. एक लहान तुकडा ढिगातच ठेवून त्याचे वजन आठवड्यास एकदा दुकानातील काट्यावर करावे. लागोपाठ तीन-चार आठवडे वजन उतरले नाही, म्हणजे लाकूड कामास आले असे समजावे.

मापे

सुताराशी बोलताना फूट, इंच आणि सूत हीच भाषा चालते, म्हणून येथे तीच ठेवली आहे. आठ सुतांचा एक इंच.

मेज ६ फूट लांब आणि २ फूट रुंद असावे. उंची मात्र पुस्तकातून घेऊ नये. जो माणूस त्यावर अधिक काम करणार, त्याने सरळ उभे राहून हात सैल सोडावा. मनगटाची घडी जमिनीपासून जेथे येईल, ती त्याच्या मेजाची उंची. साडेपाच फूट उंचीच्या माणसास ती ३२ इंचांच्या आसपास येते. उंच मेजावर रंधा मारताना केवळ हात चालतात, अंगाचा भार येत नाही. ठेंगण्या मेजावर संध्याकाळी पाठ बोलू लागते. पुढील मापे ३२ इंच उंची धरून दिली आहेत.

पाय चार, प्रत्येकी ४ इंच रुंद, ३ इंच जाड आणि ३० इंच उंच. वर तीन फळ्या, प्रत्येकी ८ इंच रुंद, २ इंच जाड. खालच्या लांब आडपट्ट्या दोन, ५ फूट लांबीच्या, आणि खालच्या आखूड आडपट्ट्या दोन, २२ इंचांच्या. वरच्या आखूड आडपट्ट्या दोन, १९ इंचांच्या. या सर्व ४ इंच रुंद व २ इंच जाड. याखेरीज पुढून व मागून पायांच्या माथ्याशी बसणाऱ्या दोन बाजूपट्ट्या, ५ फूट लांब, ६ इंच रुंद, दीड इंच जाड. आणि त्या दोहोंच्या मधोमध एक २० इंची आडवा तुकडा, आडपट्ट्यांच्याच जाडीचा. तयार मापाचे हे लाकूड सुमारे साडेचार घनफूट भरते. कापणीत व रंधण्यात जाणारे धरून साडेपाच घनफूट आणावे. बाभळीचे असल्यास तयार मेजाचे वजन क्विंटलभर होते, आणि तेच हवे आहे. हलके मेज कामाबरोबर चालू लागते.

सांधे

मेज डुगडुगते ते पाय बारीक असल्यामुळे नव्हे, सांधे खिळ्यांचे असल्यामुळे. खिळा ठोकून केलेला सांधा पहिल्या पावसाळ्यात सैल होतो. म्हणून आडपट्टीच्या टोकास कुसू काढून ते पायातील चौकोनी भोकात आरपार बसवावे. कुसवाची जाडी १ इंच ठेवावी. पायाच्या सुमारे एक तृतीयांश जाडीचे कुसू पायही कमजोर करीत नाही आणि स्वतःही मोडत नाही.

खालच्या आखूड आडपट्ट्या जमिनीपासून ४ इंचांवर आणि लांब आडपट्ट्या त्यांच्यावर, ८ इंचांवर बसवाव्यात. दोन्ही एकाच उंचीवर घेतल्यास भोके पायाच्या आत एकमेकांस मिळतात आणि पाय तेथेच मोडतो. भोक प्रथम गिरमिटाने पोखरून घ्यावे, मग पटाशीने भिंती सरळ कराव्यात. दोन्ही बाजूंनी निम्मे-निम्मे पाडल्यास बाहेरचे तोंड फाटत नाही. कुसवाच्या टोकास करवतीने दोन चिरा देऊन, सांधा बसल्यावर त्यांत बाभळीच्या कोरड्या पाचरी माराव्यात. येथे एक चूक हटकून होते. पाचर आडवी बसली पाहिजे, म्हणजे कुसू वर-खाली फुगेल. उभी पाचर मारल्यास कुसू बाजूंना फुगते आणि उभ्या रेषेचा पाय पाचरीसारखाच चिरतो.

वरच्या आखूड आडपट्टीचे कुसू आरपार जात नाही, कारण पायाच्या माथ्यावर बाहेरून दीड इंच खोलीची खाच घेऊन तेथे बाजूपट्टी बसवावयाची असते. हे कुसू दीड इंचाचेच राहते. ते पिकलेल्या वेळूच्या मेखेने पक्के करावे. मेखेचे भोक पायात पाडल्यावर कुसू आत घालून खूण करावी, कुसू बाहेर काढावे आणि कुसवातील भोक त्या खुणेपासून अर्धा सूत आडपट्टीच्या अंगास सरकवून पाडावे. मेख मारली की ती वाकडी वाट सरळ करू पाहते आणि सांधा आपोआप खेचून धरते. सरस लावण्याची गरज नाही. आपल्या दमट हवेत तो सुटतोच.

प्रथम दोन्ही टोकांच्या चौकटी जोडाव्यात, मग लांब आडपट्ट्या घालाव्यात. पाचरी पक्क्या करण्यापूर्वी समोरासमोरच्या कोपऱ्यांची तिरपी मापे सुतळीने घ्यावीत. दोन्ही सारखी आली, म्हणजे चौकट गुण्यात आहे. शेवटी बाजूपट्ट्या प्रत्येक पायाशी दोन-दोन बोल्टांनी आवळाव्यात. मधला आडवा तुकडा बाजूपट्ट्यांत अर्धा-अर्धा इंच खाचून बसवावा. मेजाच्या मध्यावर हातोडी पडते तेव्हा फळ्यांस आधार तोच देतो.

वरच्या फळ्या

इगतपुरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पन्नास किलोमीटरांच्या आत असलेल्या नाशिक शहरास सातशेच्या आसपास. घोटी या दोहोंमध्ये, पण घाटाच्या बाजूस. चैत्र-वैशाखात कोरडे पडलेले लाकूड श्रावणात फुगते. लांबीत ते जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढते. आठ इंची फळी सूतभर सहज रुंदावते. लेखकाने आपले पहिले मेज उन्हाळ्यात केले, फळ्या एकमेकींस घट्ट भिडवल्या आणि प्रत्येकीस दोन्ही कडांनी खिळे मारले. नागपंचमीच्या सुमारास मधली फळी खिळ्यांसकट वर उचलली गेली होती. लाकडाचा दोष काडीचाही नव्हता.

म्हणून उन्हाळ्यात मेज करताना दोन फळ्यांमध्ये एक सूत फट ठेवावी. प्रत्येक फळी तिच्या रुंदीच्या मधोमध, दोन टोकांच्या आडपट्ट्यांवर आणि मधल्या तुकड्यावर, एकेका मोठ्या स्क्रूने बसवावी. कडेला काही मारू नये. अशाने फळी दोन्ही बाजूंस मोकळी श्वास घेते. स्क्रूचे माथे अर्धा इंच खोल बसवावेत, म्हणजे पुढे कधी रंधा मारावा लागला तर पाते अडणार नाही. फटीतून बारीक खिळे खाली पडतात हे खरे, पण भुसाही पडतो. पुढची फळी पुढच्या पायांशी व बाजूपट्टीशी एका पातळीत असावी. मागे दोन इंच पुढे आली तरी चालते. पुढची बाजू अशी सपाट असली की लांब फळी उभी धरून तिची कड रंधता येते.

वस्तू धरण्याची सोय

शेगडा, ज्यास बाजारात व्हाइस म्हणतात, तो बरोबर पुढच्या पायाच्या वर बोल्टांनी बसवावा. दोन पायांच्या मध्ये बसविल्यास प्रत्येक घावाला फळी झुलते आणि घावाचा अर्धा जोर वाया जातो. शेगड्याचे जबडे कोपराच्या उंचीस आले, म्हणजे कानस चालविताना हात सरळ जातो. विळा-कोयत्याची धार आणि पंपाचे भाग यांस एवढे पुरते.

लाकडासाठी मेजात पाऊण इंचाची सहा-आठ भोके अगदी उभी पाडावीत आणि त्यांत घट्ट बसणाऱ्या बाभळीच्या खुंट्या कराव्यात. उजव्या हाताने काम करणाऱ्याने डाव्या टोकाकडील खुंटी वर काढून तिला लाकूड टेकवावे व तिच्या दिशेने रंधा मारावा. लोहाराकडून पाऊण इंचापेक्षा किंचित बारीक सळईचा, वर आकड्यासारखा वाकविलेला आणि टोकाशी चपटा केलेला एक आकडा करून घ्यावा. तो भोकात सोडून माथ्यावर हातोडी मारली की सळई भोकात तिरपी अडकते आणि लाकूड जखडून टाकते. मागून एक टोला मारताच सुटते. आता पाय लाकडावर ठेवण्याचे कारणच उरत नाही.

जागा व निगा

नैर्ऋत्येचा पाऊस पडवीत शिरतो, म्हणून मेज पश्चिमेच्या उघड्या अंगास मांडू नये. पाय मातीवर न ठेवता प्रत्येकाखाली काळ्या दगडाची फरशी द्यावी. पायांच्या तळास, कापलेल्या रेषांना, गरम डांबर दोनदा पाजावे, कारण ओल तेथूनच चढते. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवावे, म्हणजे मागून वाळवीची मातीची नळी चढू लागल्यास दिसते. खालच्या आडपट्ट्यांवर फळ्या टाकून जुना पंप, लोखंडी फाळ असे वजन ठेवल्यास मेज आणखी स्थिर होते. बियाणे तेथे ठेवू नये. कीटकनाशके तर मुळीच नाहीत, त्यांची जागा कुलपात.

वर जवसाचे उकळलेले तेल फडक्याने पातळ लावावे. दोन दिवसांनी पुन्हा एकदा. आपल्याकडे खुरासणीचे तेल घरचे असते आणि तेही वाळते, पण इतक्या सावकाश की भुसा चिकटून बसतो. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवावीत. इंजिनातील जळके तेल पुष्कळजण वापरतात. ते कातडीस अपायकारक आहे. ज्यावर रोज हात टेकावयाचे, त्यावर ते नको.

लोखंडी कोनपट्टीची चौकट आजकाल घोटीत वेल्डिंगवाल्याकडे झटपट होऊन मिळते. ज्यास लाकूड मिळत नाही त्याने ती खुशाल घ्यावी, पण वरच्या फळ्या लाकडाच्याच व दोन इंच जाडीच्या ठेवाव्यात. लाकडी चौकट करणाऱ्याने आरपार भोके तेवढी गावच्या सुताराकडून पाडून घेतली, तर बाकीचे काम दोन माणसे चार-पाच दिवसांत करू शकतात. ग्रामसेवकांनी असे एक मेज होत असताना शेजारच्या आठ-दहा शेतकऱ्यांस बोलवावे. कुसू भोकात कसे बसते, हे डोळ्यांनी पाहिल्यावर लेख वाचण्याची फारशी गरज राहत नाही. बाजूपट्ट्यांचे बोल्ट पहिल्या वर्षी दसऱ्याला एकदा आणि होळीच्या सुमारास एकदा, असे दोनदा आवळावेत.