एकच मिक्सर, दोन कामे : सभागृह आणि ध्वनिमुद्रण

माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरला की जुन्या आठवणींबरोबर एक प्रश्न हमखास निघतो : आपण शाळेला काय द्यावे? पुस्तके, संगणक, पाण्याची टाकी यांच्या जोडीला अलीकडे ध्वनियंत्रणेचे नावही पुढे येते. वर्गणी जमते, चारजण दुकानात जातात, 'चांगल्यातला १६ चॅनेलचा मिक्सर द्या' असे सांगतात आणि यंत्र घेऊन येतात. पुढे दोन वर्षांनी ते यंत्र कापडाखाली धूळ खात पडलेले दिसते आणि कार्यक्रमासाठी साउंडवाला पुन्हा भाड्यानेच आणला जातो. हे टाळायचे असेल तर खरेदीच्या आधी थोडा विचार करावा लागतो. तो कसा करावा, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

प्रथम एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गावच्या संमेलनात एक वृद्ध शाहीर गायले. साथीला ढोलकी, हलगी आणि तुणतुणे होते. सभागृह लहान, गर्दी दाटीवाटीची. मिक्सरवर मीच होतो. श्रोत्यांना सर्व काही स्वच्छ ऐकू येत होते, म्हणून मी निश्चिंत होतो. मिक्सरमधून जो आवाज सभागृहाच्या स्पीकरकडे जात होता, तोच मी पेनड्राइव्हवर मुद्रित करून घेतला. दुसऱ्या दिवशी ते मुद्रण लावले आणि मन खट्टू झाले. शाहिरांचा आवाज अगदी कानाशी, ढोलकी शेजारच्या आळीत वाजावी तशी दूर आणि हलगी जवळजवळ नाहीच! कारण सरळ होते. हलगी मुळातच कडक वाजते. लहान सभागृहात तिला स्पीकरची गरज नव्हती, म्हणून तिच्यापुढे माइकच नव्हता. ढोलकीच्या माइकचा आवाजही मी अगदी कमी ठेवला होता. श्रोत्यांनी ही वाद्ये थेट रंगमंचावरून ऐकली होती. मुद्रणात मात्र फक्त मिक्सरमधून गेले तेवढेच उतरले. त्याच वर्षी शाहीर गेले. ते मुद्रण आजही तसेच आहे, त्यात दुरुस्ती करायला जागा उरलेली नाही.

या प्रसंगातून जो धडा मिळाला तोच या लेखाचा गाभा आहे. सभागृहाला लागणारे मिश्रण आणि मुद्रणाला लागणारे मिश्रण ही दोन वेगळी कामे आहेत. दोन्ही कामे एकाच मिक्सरकडून करून घ्यायची असतील, तर त्याला ती वेगवेगळी करता आली पाहिजेत.

मिक्सर नेमके काय करतो?

माइकमधून निघणारा विद्युत संकेत अत्यंत क्षीण, साधारणतः काही मिलिव्होल्टचा असतो. मिक्सरच्या प्रत्येक चॅनेलमध्ये प्रथम प्रीॲम्प असतो. तो हा संकेत कामापुरता मोठा करतो. त्याची मात्रा ठरवणारे बटण म्हणजे 'गेन'. कंडेन्सर जातीच्या माइकला चालण्यासाठी ४८ व्होल्टचा विद्युतदाब लागतो. तोही मिक्सरच केबलमधून पुरवतो, त्यास फँटम पॉवर म्हणतात. पुढे 'लो कट' असतो. तो साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग, म्हणजे पावलांची धडधड, वाऱ्याचा घरघराट, माइकच्या दांडीला बसलेला धक्का, कमी करतो. त्यानंतर आवाजाचा खर्ज, मध्य आणि तीव्र भाग कमीजास्त करणारी बटणे आणि शेवटी वरखाली सरकणारा फेडर. सगळ्या फेडरमधून आलेले आवाज एकत्र होऊन मुख्य स्पीकरकडे जातात.

येथवरचे काम कोणताही मिक्सर करतो. खरा फरक आवाज बाहेर पाठवण्याच्या वाटांमध्ये असतो.

तीन वाटा

पहिली वाट सभागृहाची. ती सर्वांना ठाऊक असते.

दुसरी वाट रंगमंचाची. गायकाला स्वतःचा आवाज आणि पेटीचा सूर ऐकू आला नाही तर तो बेसूर होतो. त्यासाठी त्याच्यासमोर मॉनिटर स्पीकर ठेवतात. मॉनिटरकडे जाणारा आवाज 'ऑक्स' नावाच्या वाटेने जातो आणि तो फेडरच्या आधी घेतलेला असावा लागतो. तसे नसेल तर सभागृहासाठी फेडर वर केला की मॉनिटरचा आवाजही वाढतो आणि माइक शिट्टी मारू लागतो. म्हणून फेडरपूर्व ऑक्स किती आहेत, हे खरेदीच्या वेळी विचारलेच पाहिजे.

तिसरी वाट मुद्रणाची, आणि फसगत येथेच होते. आज बहुतेक मिक्सरवर 'यूएसबी' असे छापलेले असते. पण यूएसबी दोन प्रकारची असते. एका प्रकारात सर्व आवाजांचे तयार मिश्रण दोनच ट्रॅकमध्ये संगणकाकडे जाते. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक माइकचा आवाज आपापल्या स्वतंत्र ट्रॅकमध्ये जातो. पहिल्या प्रकारात हलगी मागे राहिली की ती कायमची मागेच राहते. दुसऱ्या प्रकारात कार्यक्रम संपल्यावर, निवांतपणे, हलगी पुढे आणता येते आणि खोकल्याची जागा कापता येते. अट एकच : स्पीकरसाठी गरज नसली तरी त्या वाद्यापुढे मुद्रणासाठी माइक ठेवला पाहिजे. फेडर खाली असला तरी चालतो, कारण मुद्रणाचा संकेत सहसा फेडरच्या आधीच घेतला जातो.

तेव्हा दुकानदाराला 'यूएसबी आहे का?' असे न विचारता 'एकाच वेळी किती वेगळे ट्रॅक संगणकात जातात?' असे विचारावे.

मोजणी कागदावर करावी

खरेदीला निघण्यापूर्वी शाळेचा सर्वांत मोठा कार्यक्रम डोळ्यांसमोर आणावा आणि त्यातील प्रत्येक आवाज कागदावर मांडावा. उदाहरणादाखल : निवेदक १, व्यासपीठावरील वक्ता १, मुख्य गायक १, कोरस २, पेटी १, ढोलकी २ (दोन्ही तोंडांना एकेक), हलगी १, तुणतुणे १, नाटिकेसाठी हातातील बिनतारी माइक २. हे झाले १२ माइक. की-बोर्डच्या २ आणि लॅपटॉपच्या २ अशा ४ लाइन. एकूण १६. यात चतुर्थांश वाढ धरावी, म्हणजे २०. बाहेर जाणाऱ्या वाटाही मोजाव्यात : मुख्य स्पीकर २, मॉनिटर ३ आणि पटांगणात बसलेल्या पालकांसाठी वेगळा स्पीकर १.

ही मोजणी हातात असली की जाहिरातीतील आकड्याने फसायला होत नाही. चॅनेलचा आकडा आणि माइक लावता येणाऱ्या जागांचा आकडा एकच नसतो. यामाहाच्या एमजी१०एक्सयू या लोकप्रिय मिक्सरचे उदाहरण घ्या. नावात १० असले तरी त्याला माइक फक्त ४ लागतात, कारण बाकीच्या जागा लाइनच्या स्टिरिओ जोड्या आहेत. त्याची यूएसबीही दोन ट्रॅकची आहे. वर्गातील व्याख्यानाला किंवा लहान बैठकीला तो उत्तम आहे. वर मांडलेल्या कार्यक्रमाला तो पुरणार नाही.

ॲनालॉग की डिजिटल?

ॲनालॉग मिक्सरचा मोठा गुण म्हणजे सर्व काही डोळ्यांसमोर असते. एक बटण, एक काम. नवख्या विद्यार्थ्याच्या हातीही तो लवकर बसतो. वीज गेली आणि आली की तो क्षणात पूर्ववत चालू होतो. साउंडक्राफ्टच्या सिग्नेचर एमटीके मालिकेसारखे काही ॲनालॉग मिक्सर प्रत्येक चॅनेल स्वतंत्रपणे संगणकाकडेही पाठवतात. साधेपणा आणि बहुट्रॅक मुद्रण दोन्ही हवे असणाऱ्यांनी अशा मिक्सरचा जरूर विचार करावा.

डिजिटल मिक्सरचा गुण म्हणजे स्मरण. वंदना, नाटिका, गायन, भाषण अशा प्रत्येक भागाची मांडणी त्यात साठवता येते आणि एका कळीने परत आणता येते. २०१२ साली आलेल्या बेहरिंगरच्या एक्स३२ या मिक्सरला मागे ३२ माइक लागतात आणि त्यातून ३२ ट्रॅक यूएसबीने संगणकात जातात. त्याच कंपनीचा एक्सआर१८ तर पेटीएवढा आहे. त्यावर फेडर नाहीतच, सारे काम टॅब्लेटवरून चालते. त्याला १६ माइक लागतात आणि १८ ट्रॅक मुद्रित होतात. मात्र गर्दीत वाय-फाय दगा देऊ शकते, म्हणून असा मिक्सर घेतल्यास चांगला बाहेरचा राउटर सोबत ठेवावा.

डिजिटलचा दोष असा की बरीचशी बटणे पडद्याआड, थरांमागे असतात. वीज क्षणभर जरी गेली तरी यंत्र नव्याने सुरू होण्यास वेळ घेते आणि तेवढा वेळ सभागृह मुके होते. आपल्याकडील वीजपुरवठा पाहता डिजिटल मिक्सरबरोबर यूपीएस घेणे ऐच्छिक समजू नये.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत

तोच मिक्सर कार्यक्रमानंतर एखाद्या शांत खोलीत नेऊन मुद्रणासाठी वापरता येतो. येथे तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, विलंब. संगणक आवाज तुकड्यांनी हाताळतो. ४८ किलोहर्ट्झला २५६ नमुन्यांचा तुकडा म्हणजे सुमारे ५.३ मिलिसेकंद. जाताना आणि येताना तो दुप्पट होतो. हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज उशिरा आला की गायक गोंधळतो. म्हणून गायकाला त्याचा आवाज संगणकातून फिरवून न देता थेट मिक्सरमधून द्यावा.

दुसरी, पातळी. डिजिटल मुद्रणात शून्य डेसिबलच्या वर काहीच उरत नाही, आवाजाचा माथा कापला जातो आणि तो परत मिळत नाही. २४ बिटमध्ये मुद्रण करावे आणि सर्वांत मोठा आवाजही उणे ६ डेसिबलच्या खाली राहील एवढाच गेन ठेवावा.

तिसरी, जागा. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटमध्ये १६ ट्रॅकच्या एका तासाला सुमारे ८.३ गीगाबाइट लागतात. तीन तासांचा कार्यक्रम म्हणजे जवळपास २५ गीगाबाइट. तेवढी रिकामी जागा आधी करून ठेवावी आणि त्याच रात्री दुसरी प्रत काढावी.

खरेदीच्या दिवशी

आपला एक माइक, एक केबल आणि हेडफोन सोबत न्यावे. प्रत्येक चॅनेलला माइक लावून बोलून पाहावे. गेन वाढवत नेल्यावर खरखर किती येते ते ऐकावे. प्रत्येक फेडर वरखाली करून कुरकुर येते का ते पाहावे. दुरुस्ती जवळच्या शहरात होते की यंत्र दूर पाठवावे लागते, हे विचारून घ्यावे. शाळेतील अर्थिंग नीट आहे का, हे वीजतंत्रीकडून तपासून घ्यावे. मिक्सर आणि ॲम्प्लिफायर यांना एकाच अर्थिंगच्या बोर्डवरून वीज दिली तर ५० हर्ट्झची ती कंटाळवाणी घूं बहुधा येत नाही.

आणि सगळे पैसे मिक्सरवर घालू नयेत. माइक, स्टँड, बॅलन्स्ड केबल, यूपीएस यांच्याकरिता रक्कम आधी बाजूला काढावी. मोठा मिक्सर आणि तुटक्या केबली यांपेक्षा बेताचा मिक्सर आणि धडधाकट केबली केव्हाही बऱ्या.

यंत्रामागचे हात

शेवटची निवड माणसांची आहे. मिक्सर चालवायला एखादाच शिक्षक शिकला आणि त्यांची बदली झाली, तर यंत्र पुन्हा कापडाखाली जाते. म्हणून दरवर्षी आठवी-नववीच्या दोन मुलांना आणि दोन मुलींना ते शिकवावे. वरच्या वर्गाने खालच्या वर्गाला शिकवावे. मिक्सरशेजारी एक वही असावी आणि कोणत्या चॅनेलला काय लावले, काय बिघडले, ते प्रत्येक कार्यक्रमानंतर तीत लिहावे.

आपापल्या गावात आजही ओव्या सांगणाऱ्या आज्या आहेत, जुन्या जलशांतील गाणी ज्यांना पाठ आहेत असे वृद्ध आहेत. सुट्टीत घरी जाणारी मुले त्यांना शाळेच्या कार्यक्रमाला घेऊन येऊ शकतात. त्या दिवशी त्यांच्या आवाजापुढे एक माइक असावा, हलगीपुढेही एक असावा आणि दोन्हींचे ट्रॅक वेगळे असावेत. मिक्सर घेताना एवढे जमले, तर वर्गणीतला प्रत्येक रुपया सार्थकी लागला असे समजावे.