परक्या गोदीत नौका ठेवताना

आयुष्यभराच्या बचतीचा मोठा हिस्सा एकाच व्यवहारात घालावयाचा, तोही परमुलखात, आणि जिच्या गुणदोषांची पारख दीर्घ अनुभवावाचून होत नाही अशा वस्तूसाठी, असा प्रसंग शिडाची नौका विकत घेणाऱ्यावर येतो. घर, जमीन वा सोने घेताना वडीलधाऱ्यांचा सल्ला मिळतो, कारण त्या व्यवहारांतील खाचाखोचा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. परंतु इंग्लंडात स्थायिक झालेल्या माझ्या परिचयातील ज्या मराठी मंडळींनी निवृत्तीनंतर नौकाविहाराची हौस धरली, त्यांना जे काही कळले ते नुकसान सोसून कळले. माझे नोकरीचे सारे आयुष्य व्यापारी जहाजांच्या इंजिनखोलीत गेले असल्याने गोद्यांची रीतभात मला अपरिचित नव्हती. तथापि ग्रीसमधील एका गोदीत जे पाहावे लागले ते या मार्गाने जाणाऱ्या इतरांच्या उपयोगी पडावे, या हेतूने हे चार शब्द लिहीत आहे.

कॉर्फूपासून झाकिंथोसपर्यंत पसरलेला आयोनियन समुद्र हौशी नाविकास फार मानवतो. भरती-ओहोटी तेथे नाममात्र, उन्हाळ्यातील सकाळी बहुधा निवांत आणि दुपारनंतर वायव्येकडून नेमाने येणारा वारा. त्यामुळे उत्तर युरोपातील असंख्य लोकांच्या नौका त्याच किनाऱ्यावर कायमच्या वस्तीला असतात. हंगाम सरला की त्या पाण्याबाहेर काढून टेकूंवर उभ्या केल्या जातात, मालक विमानाने मायदेशी परततात, आणि पुढील वसंतऋतूपर्यंत त्या नौकेवर कोणते काम झाले व कोणते झाले नाही, हे पाहण्यास गोदीवाल्याखेरीज कोणीही उरत नाही. या व्यवसायातील लबाडीचे मूळ मालकाच्या ह्या दीर्घ अनुपस्थितीत आहे. ज्याच्या आवारात नौका उभी आहे आणि ज्याच्या क्रेनवाचून ती पाण्यात उतरू शकत नाही, त्याच्याच हाती तिची विक्री, तपासणी, राखण आणि दुरुस्ती ही चारही कामे सोपविली, तर सज्जनासही मोह पडावा आणि दुर्जनापुढे मालकाचे काहीएक चालू नये, अशी स्थिती उत्पन्न होते. ही चार कामे एका हाती जाऊ देऊ नयेत, हे माझ्या सांगण्याचे सार आहे.

मी पसंत केलेली नौका ३६ फुटी, फायबरग्लासची, एका वृद्ध इंग्रज दांपत्याच्या मालकीची होती आणि तिची विक्री गोदीच्या कार्यालयामार्फत चालली होती. तेथील व्यवस्थापक मोठे अगत्यशील. कॉफी मागवून त्यांनी एक निर्दोष अहवाल माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "आमच्या सर्व्हेयरने नुकतीच पाहिली आहे, साहेब, पुन्हा खर्च कशाला करता?" तो अहवाल विक्रेत्यासाठी लिहिलेला होता, त्यात चूक निघाल्यास त्या सर्व्हेयरकडे दाद मागण्याचा अधिकार, त्याच्याशी माझा कोणताच करार नसल्यामुळे, मला मिळाला नसता. मी दुसऱ्या बंदरातून, त्या गोदीशी ज्याचा कसलाही संबंध नाही असा सर्व्हेयर बोलावून घेतला. प्लास्टिकच्या लहानशा हातोडीने तो नौकेचा तळ वीतवीत ठोकीत गेला. सर्वत्र खणखणीत वाजणारा आवाज सुकाणूच्या खालच्या भागाशी येताच बद्द झाला, आणि नेमका तेवढ्याच जागेवरचा रंग उरलेल्या तळाच्या रंगाहून ताजा होता. सुकाणूच्या पोटात पाणी शिरून आतील थर सुटले होते. इंग्रज दांपत्याला याची वार्ताही नव्हती. त्यांनी विनातक्रार किंमत उतरविली. सर्व्हेयरची फी किती वाचते याचा हिशेब करणाऱ्याने तो बद्द आवाज भर समुद्रात, सुकाणू तुटल्यावर ऐकू आला असता तर काय झाले असते, याचाही हिशेब करावा.

कागदपत्रांच्या बाबतीत तर कोणाच्याही तोंडी ग्वाहीवर विसंबू नये. जमीन घेताना आपण सातबाऱ्यावर कोणाचा बोजा आहे काय ते पाहतो. ब्रिटिश नौकेचे तसे दप्तर कार्डिफ येथील नोंदणी कार्यालयात असते. त्याच्या पहिल्या भागात नोंदलेल्या नौकेची मालकी ६४ हिश्श्यांत मांडलेली असते आणि तिच्यावरील गहाणही तेथेच नोंदले जाते. परंतु तिसऱ्या भागातील, म्हणजे लहान नौकांच्या नोंदीचा दाखला मालकीचा पुरावा ठरत नाही, आणि हा भेद पुष्कळ खरेदीदारांस ठाऊक नसतो. अशा नौकेच्या बाबतीत पहिल्या मालकापासून आजच्या विक्रेत्यापर्यंतची खरेदीखते सलग मागावीत आणि नौकेच्या मागील अंगास उजवीकडे कोरलेला १४ अक्षरांचा क्रमांक त्यांच्याशी ताडून पाहावा. मूल्यवर्धित कर भरल्याची मूळ पावती हवीच. ग्रीसमध्ये या कराचा दर २४ टक्के असल्याने ती गहाळ असणे म्हणजे किमतीच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याची टांगती तलवार होय. युरोपीय संघाबाहेरच्या रहिवाशाला, आणि २०२१ च्या आरंभापासून ब्रिटनवासीही त्यातच आले, कर न भरलेली नौका तात्पुरत्या आयातीखाली साधारणतः १८ महिनेच ठेवता येते. तेव्हा ती मुदत केव्हापासून चालू झाली याचा जकात खात्याचा कागद स्वतःजवळ असावा. शेवटी, पूर्वीच्या मालकाकडे भाडे वा दुरुस्तीची बाकी नाही असा ना-देणे दाखला गोदीच्या सहीशिक्क्यानिशी घेतल्यावाचून उरलेली रक्कम देऊ नये, कारण ऋण कोणाचेही असले तरी अडकून पडते ती नौका.

बयाण्याची रक्कम, जी प्रायः किमतीच्या दहा टक्के असते, ती गोदीच्या चालू खात्यात कधीही भरू नये. ग्राहकांच्या पैशासाठी राखलेल्या स्वतंत्र खात्यात किंवा वकिलाच्या हवाली करावी, आणि तपासणीत दोष आढळल्यास ती परत मिळेल हे करारनाम्यात स्पष्ट लिहून घ्यावे. ऐन वेळी ईमेलने बँकेचा खातेक्रमांक बदलल्याचे कळविले गेले, तर दूरध्वनी करून ओळखीच्या आवाजाकडून खात्री केल्याखेरीज एक पैही पाठवू नये.

विक्रेत्यांनी वर्षाचे भाडे आगाऊ भरलेले असल्यामुळे पहिल्या हिवाळ्यात माझी नौका त्याच गोदीत राहिली. निघण्यापूर्वी मी कामांची यादी करून दिली होती. तीत इंजिनाला समुद्राचे पाणी पुरविणारी तळाची झडप, जिला नाविक सीकॉक म्हणतात, ती काढून नवी कांस्याची बसविणे हे मुख्य काम होते. जहाज सुक्या गोदीत गेले की बदलावयाच्या प्रत्येक भागावर खूण करून ठेवायची आणि काम झाल्यावर जुना भाग परत मागायचा, ही इंजिनखोलीतील जुनी शिस्त आहे. तिला अनुसरून मी त्या झडपेच्या कडेला छिन्नीने दोन बारीक रेघा मारल्या आणि तारखेसह छायाचित्र घेऊन ठेवले. वसंतात परतलो तेव्हा बिलात नवी झडप, तिची मजुरी, तळाला शेवाळरोधक (अँटिफाउलिंग) रंगाचे दोन हात, सारे काही तपशीलवार मांडले होते. झडप चकचकीत काळ्या रंगात न्हालेली होती. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने तो रंग खरवडताच माझ्या दोन रेघा वर आल्या, आणि त्यांच्याखालचे पितळ गुलाबी निघाले. खाऱ्या पाण्यात पितळेतील जस्त निघून जाते आणि उरलेले तांबे असे गुलाबी व भुसभुशीत होते. ती झडप एखाद्या दिवशी हातात मोडून आली असती आणि नौकेच्या तळाला मोकळे भोक पडले असते. पैशाच्या लबाडीपेक्षा मला याचा संताप अधिक आला, कारण कोणाची तरी लेकरेबाळे अशाच नौकांत निर्धास्त झोपलेली असतात.

व्यवस्थापकांनी प्रथम कामगारावर दोष ढकलला, नंतर बिल पूर्ण भरल्याशिवाय क्रेन मिळणार नाही असे बजावले. येथे वाचकाने ध्यानात घ्यावे की गोदीच्या रास्त देण्यासाठी नौका अडवून धरण्याचा हक्क बहुतेक देशांचे कायदे गोदीवाल्यास देतात, आणि हंगामाचे दिवस वाया जात असल्याने उतावीळ झालेला मालक हवी ती रक्कम मोजतो, हेही त्याला पक्के माहीत असते. अशा वेळी आवाज चढवून काही साधत नाही. वादातीत रक्कम ताबडतोब भरावी, वादग्रस्त कलमांची लेखी यादी द्यावी, आणि निरुपायाने तीही भरावी लागलीच तर हक्क राखून भरल्याचे पावतीवर नमूद करून घ्यावे. मी खुणेच्या झडपेची छायाचित्रे आणि माझ्या सर्व्हेयरचे टिपण यांच्या प्रती स्थानिक वकिलामार्फत पाठविल्या. तेव्हा ती कलमे बिलातून वगळली गेली आणि नौका पाण्यात उतरली. पुढील हिवाळ्यासाठी मी दुसरी गोदी शोधली.

नव्या करारात मी ज्या अटी आग्रहाने लिहून घेतल्या त्या कोणासही उपयोगी पडाव्यात: भाडे कोणत्या लांबीवर आकारणार, आणि तीत पुढे-मागे निघालेले भाग धरणार की नाही; नौका उचलण्याचे व उतरविण्याचे दर; बाहेरचा कारागीर आणण्याची मुभा आणि त्यावर घेण्यात येणारी रक्कम; लेखी अंदाजपत्रक मंजूर केल्याखेरीज कोणतेही काम न करणे; जुने भाग जपून ठेवणे; आणि टेकूंची जबाबदारी गोदीची असणे. कुलमुखत्यारपत्र द्यावेच लागले तर ते एका कामापुरते व मुदतीचे असावे. आउटबोर्ड मोटर व इतर सुटे सामान उतरवून कुलपात ठेवावे, त्याच्या यादीवर गोदीची सही घ्यावी. आणि हिवाळ्यातून एकदा तरी नौका पाहून छायाचित्रे पाठवील असा, गोदीचा पगार न घेणारा मनुष्य मोबदला देऊन नेमावा.

सर्वच गोद्या अशा असतात, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती 'म्हादेई' नौका गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत बांधली गेली, आणि जो तीवर प्राण सोपवून निघणार होता तो तिच्या बांधणीत सहभागी होता. चांगल्या गोदीची खूण हीच, की ती मालकाला कामाजवळ उभे राहू देते, त्याच्या प्रश्नांना कंटाळत नाही आणि काढलेला जुना भाग न मागता त्याच्या हातात ठेवते. अशी गोदी सापडली की तिचे बिल मुदतीच्या आत चुकते करावे, घासाघीस करू नये आणि तिचे नाव विचारणाऱ्या प्रत्येकास सांगावे. कारण लबाड गोद्या आपणा मालकांच्या मौनावर जगतात, आणि प्रामाणिक कारागिराला त्याच्या श्रमाचे मोल वेळेवर मिळाले नाही, तर पुढच्या खरेदीदाराला त्याच्या दारी जाण्याची संधीच उरणार नाही.