उपघटक ४.३ : स्प्रेडशीटमधील सेल – दिसणारे रूप आणि साठवलेले मूल्य

उद्दिष्ट : या उपघटकाच्या अभ्यासानंतर सेलमधील दोष केवळ दर्शनाचा आहे की मूळ नोंदीचा, हे आपल्याला ओळखता येईल व योग्य उपाय योजता येईल.

प्रास्ताविक

‘चमचा’ आणि ‘चहा’ या दोन्ही शब्दांच्या आरंभी आपण ‘च’ हेच अक्षर लिहितो. उच्चार मात्र भिन्न करतो. लेखन आणि उच्चार यांत जसे अंतर असते, तसेच ते सेलमधील मूल्य आणि पडद्यावरील रूप यांतही असते. हे रूप फॉरमॅट ठरवतो. बोलीसर्वेक्षणाच्या नोंदी करणाऱ्या विद्यार्थ्याने हा भेद ध्यानी न घेतल्यास त्याची सामग्री नकळत बिघडते. (पुढील उदाहरणांतील अंक संगणकावर इंग्रजी अंकांत टंकित केले आहेत, असे समजावे.)

१. दर्शनाचे दोष

स्तंभ अरुंद असल्यास संख्येऐवजी ##### अशी चिन्हे दिसतात. स्तंभ रुंद करताच संख्या दिसू लागते. दशांशस्थळे शून्य ठेवल्यास २.४ व २.४ यांच्या जागी २ आणि २ दिसतात, बेरीज मात्र ५ दिसते. कारण खरी बेरीज ४.८ असते. अशा वेळी सेल निवडून वरच्या फॉर्म्युला बारमध्ये पाहावे. तेथे मूळ नोंद जशीच्या तशी असेल, तर दोष केवळ दर्शनाचा होय.

२. नोंदीचे दोष

नोंदक्रमांक ००४५ लिहिल्यास ४५ उरते. तिसऱ्या प्रश्नावलीतील चौथा शब्द म्हणून ‘३-४’ लिहिल्यास भारतीय मांडणीत ३ एप्रिल ही तारीख होते. नंतर फॉरमॅट ‘टेक्स्ट’ केला तरी ‘३-४’ परत येत नाही. वर्ष २०२४ असल्यास ४५३८५ हा आकडा दिसतो, कारण एक्सेल तारीख दिवसांच्या क्रमांकाने साठवते. संख्येचे पहिले १५ अंकच टिकत असल्याने सोळा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. ही हानी फॉरमॅट बदलून भरून निघत नाही. मूळ कागदावरून पुन्हा नोंद करावी लागते.

हा प्रश्न किरकोळ नाही. ‘मार्च१’ यासारखी जनुकनामे तारखांत बदलत असल्याने मानवी जनुकांच्या नामकरण समितीने २०२० मध्ये नामकरणाचे नवे निकष प्रसिद्ध केले. ‘मार्च१’चे नाव आता ‘मार्चएफ१’ आहे.

३. उपाय

ज्या अंकांची बेरीज करावयाची नसते, ते अंक असूनही नावेच होत. असा स्तंभ नोंदीपूर्वीच निवडावा, कंट्रोल व १ या कळा एकत्र दाबाव्यात आणि ‘टेक्स्ट’ हा फॉरमॅट द्यावा. एखादीच नोंद असल्यास तिच्या आरंभी ऊर्ध्व स्वल्पविराम (') द्यावा. सीएसव्ही फाइलमध्ये फॉरमॅट साठवला जात नाही. म्हणून ती थेट न उघडता आयात करावी व त्या वेळी स्तंभ ‘टेक्स्ट’ ठरवावा.

स्वयंअध्ययन प्रश्न

१. पुण्याचा दूरध्वनी संकेतांक ०२० हा २० असा दिसतो. हा दोष कोणत्या प्रकारचा? सकारण लिहा.
२. आपल्या शब्दसंग्रहातील कोणते स्तंभ ‘टेक्स्ट’ असावेत, ते ठरवा.