काळी साडी तपकिरी का दिसते?

संक्रांतीला काळ्या साड्या नेसलेल्या बायकांचं तुम्ही भर उन्हात शूटिंग केलंत. घरी फुटेज पाहता, तर एक साडी काळीच, शेजारची चक्क तपकिरी! व्हाइट बॅलन्स हलवला की साडी सुधारते, पण चेहऱ्यांचा रंग बिघडतो. मग चुकलं कुठे?

आपल्या डोळ्यांना साधारण 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. सिलिकॉन सेन्सरला मात्र जवळजवळ 1100 पर्यंतचा, म्हणजे अवरक्त प्रकाशही जाणवतो. तो अडवायला सेन्सरपुढे फिल्टर असतो, तरी थोडा निसटतोच. काही काळे रंग, विशेषतः सिंथेटिक कापडावरचे, दृश्य प्रकाश शोषतात पण अवरक्त परावर्तित करतात. डोळ्याला दोन्ही साड्या सारख्याच!

खरी गोम एनडी फिल्टरमध्ये आहे. सहा स्टॉपचा एनडी लावला की दृश्य प्रकाश 64 पट कमी होतो. साधा एनडी अवरक्ताला मात्र फारसं अडवत नाही. त्यामुळे चित्रात त्याचा वाटा कितीतरी वाढतो.

2006 साली आलेल्या लायका एम 8 या फोटोच्या कॅमेऱ्यात तर एनडीशिवायही काळे कपडे जांभळट यायचे. शेवटी कंपनीने ग्राहकांना दोन-दोन फिल्टर फुकट दिले.

तुम्ही आयआर-एनडी वापरा. तो नसेल तर सावलीत शूट करा, एनडी कमी लावा. एडिटिंगमध्ये तेवढ्याच साडीचा रंग उतरवता येतो, पण हलणाऱ्या पदरामागे धावताना जीव जातो. त्यापेक्षा सुरुवातीलाच प्रत्येक काळ्या कापडाचा एनडीसह आणि एनडीशिवाय एकेक शॉट घेऊन बघा.