रात्रपाळीला रुजू होण्यापूर्वी



अमेरिकी ग्राहकांच्या मालवाहतुकीचे काम पाहण्यासाठी ऐरोलीच्या कार्यालयात भाचीची रात्रपाळी लवकरच सुरू होणार असल्याचे कळले, तेव्हा त्या कामाच्या तयारीविषयी काही गोष्टी वेळेवर सांगितलेल्या बऱ्या. रात्रपाळीची तयारी म्हटले की जागरणाची सवय आणि इंग्रजी उच्चार या दोनच बाबी लोकांना आठवतात. पुरवठा साखळीच्या, म्हणजे कारखान्यापासून ग्राहकाच्या गोदामापर्यंत माल, कागद आणि पैसा यांची जी हालचाल होते तिच्या कामात मात्र खरी तयारी निराळी असते. निर्णय घेणारा माणूस नेमक्या कोणत्या तासाला भेटू शकतो आणि वाटेतला माल त्या क्षणी कोणाच्या जोखमीवर आहे, हे ज्याला कागद पाहून सांगता येते, त्याच्याच जागरणाला काही मोल असते.

यातील वेळेचा भाग वाटतो त्याहून अवघड आहे. ग्राहक न्यू जर्सीत असल्यास तेथील घड्याळ हिवाळ्यात भारताच्या साडेदहा तास मागे असते, तर उन्हाळ्यात साडेनऊ तास, कारण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. ब्रिटन आणि युरोपात हाच बदल मार्चच्या शेवटच्या रविवारी होत असल्यामुळे मधले दोन-तीन आठवडे न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यातील नेहमीचे अंतरही बिघडते आणि ठरलेल्या बैठका चुकतात. वेळेच्या या अंतराचा परिणाम किती दूर जातो हे अमेरिकी सीमाशुल्क खात्याच्या एका नियमावरून कळते. जानेवारी २००९ पासून लागू असलेल्या या नियमाला ‘टेन प्लस टू’ म्हणतात, कारण त्यात दहा बाबींची माहिती आयातदाराने आणि दोन बाबींची जहाज कंपनीने द्यायची असते. आयातदाराच्या दहांपैकी आठ बाबी, म्हणजे विक्रेता, खरेदीदार, उत्पादक, मालाचा मूळ देश, शुल्कवर्गीकरणाचा क्रमांक इत्यादी, अमेरिकेला जाणाऱ्या जहाजावर माल चढण्याच्या चोवीस तास आधी दाखल व्हाव्या लागतात, आणि त्यात कसूर झाल्यास ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. आता समजा, जानेवारीतील एका रविवारी सकाळी सहाला न्हावा शेवा बंदरात माल चढायचा आहे. मुदत शनिवारी सकाळी सहाला संपते. पण न्यू जर्सीचा ग्राहक शुक्रवारी सायंकाळी पाचला कार्यालय सोडतो तेव्हा ऐरोलीत शनिवारची पहाट, साडेतीन वाजलेले असतात, आणि तो पुन्हा जागेवर येतो तो भारतातल्या सोमवारच्या संध्याकाळी. उत्पादकाचा पत्ता अपुरा आहे हे साडेतीनच्या आत लक्षात आले तर एका फोनने काम होते. चारला लक्षात आले तर विचारायला कोणी उरत नाही.

जोखमीचे ज्ञान ‘इन्कोटर्म्स’मधून मिळते. खरेदी-विक्रीतील खर्च, जबाबदारी आणि जोखीम कोणी कोठपर्यंत उचलायची हे ठरवणाऱ्या या आंतरराष्ट्रीय संज्ञा पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने प्रथम १९३६ मध्ये प्रसिद्ध केल्या, आणि २०२० च्या आवृत्तीत त्या अकरा आहेत. ‘एफओबी न्हावा शेवा’ असा करार असेल तर माल जहाजावर चढताच जोखीम खरेदीदाराकडे जाते, हे बहुतेकांना ठाऊक असते. ‘सीआयएफ’मध्ये मात्र गफलत होते: तेथे पोहोचण्याच्या बंदरापर्यंतचे भाडे आणि विमा विक्रेता भरतो, म्हणून जोखीमही तोपर्यंत त्याचीच, असे नवखे लोक धरून चालतात, आणि ते साफ चूक आहे, जोखीम येथेही माल जहाजावर चढतानाच हस्तांतरित होते. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यानंतर अनेक जहाजे सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा वाटेतला माल कोणाच्या जोखमीवर, असे प्रश्न रोजच्या टपालात येऊ लागले. अकराच्या अकरा संज्ञा पाठ करण्यापेक्षा आपल्या ग्राहकाच्या करारात येणाऱ्या दोन-तीन नीट समजून घेणे पुरेसे आहे.

याशिवाय कंटेनरच्या क्रमांकाकडे बारकाईने पाहावे. चार अक्षरे, सहा अंक आणि शेवटी एक ताळ्याचा अंक अशी त्याची रचना असते, आणि तो शेवटचा अंक आधीच्या दहा चिन्हांवरून गणिताने काढलेला असतो. ‘सीएसक्यूयू ३०५४३८ ३’ या क्रमांकात ५४ च्या जागी ४५ पडले तर ताळ्याचा अंक ३ न येता १ यायला हवा. म्हणजे पहाटेच्या झोपेत झालेली अदलाबदल तेथल्या तेथे पकडता येते, मात्र कोणीतरी ताळा करून पाहिला तरच. फोनवर ‘एम’ आणि ‘एन’, ‘बी’ आणि ‘डी’ यांत घोटाळा होतो, म्हणून माइक, नोव्हेंबर, ब्राव्हो, डेल्टा ही अक्षरसंकेतांची पद्धत तोंडात बसवावी. परदेशी ढंगाने बोलण्याचा सराव करण्यात किंवा परके नाव धारण करण्यात वेळ घालवू नये. स्पष्ट आणि सावकाश बोललेले मराठी वळणाचे इंग्रजी ग्राहकाला नीट कळते.

झोप हा या कामाचाच भाग मानावा. शरीराचे अंतर्गत घड्याळ प्रकाशानुसार जुळते आणि पहाटे तीन ते पाच या वेळेत सावधपणा सर्वांत कमी असतो, म्हणून आकड्यांचे जोखमीचे काम शक्यतो त्याआधी उरकावे आणि त्या वेळेतले दुसऱ्याकडून तपासून घ्यावे. कॉफीतील कॅफिनचा अर्धा अंश सुमारे पाच तासांनंतरही शरीरात राहतो, तेव्हा पाळीच्या उत्तरार्धात ती टाळावी. खोलीला जाड पडदे हवेत. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे सकाळी नऊनंतर दारावरची बेल, पाहुणे आणि ‘एवढे एक काम करून मग झोप’ ही वाक्ये बंद व्हावीत, आणि हे घरच्यांना आताच सांगावे, कारण दिवसा झोपणारी मुलगी आळशी नसून कामावरून आलेली आहे हे आपल्या घरांना अजून नीट उमगलेले नाही.

शेवटची बाब कायद्याची आहे. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या अधिनियमानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येते, आणि तिची सुरक्षितता व घराच्या दारापर्यंतची वाहनव्यवस्था ही मालकाची जबाबदारी ठरते. गाडी नाक्यावर सोडते की दारात, आणि वाटेत अडचण आली तर पहाटे फोन कोण उचलतो, याची लेखी उत्तरे मिळेपर्यंत संमतिपत्रावर सही करू नये, ही मामाची कळकळीची विनंती आहे.